डिस्कवरची राखीव जागा

पैठण रोडवर चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव लागतं. बाहेरच्या माणसाला ते व्हिडिओकॉनचं गाव म्हणूनच माहीत. धूत कुटुंबाचा तो कारखाना म्हणजे टीव्ही, त्याचे पार्ट बनवणारे आजूबाजूचे पुरवठादार, गावात भाड्यानं खोल्या घेतलेली तालुक्या-तालुक्यांतली पोरं आणि पाळी सुटली की रस्त्यावर होणारी सायकल-मोटारसायकलींची गर्दी. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ती गर्दी ओसरली. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहान-मध्यम कारखाने आहेत, आणि त्यांच्या ऑफिसांच्या मागे, बहुतेक वेळा स्टोअरला लागून, एसी लावलेली एक बारकी खोली असते. तिला सर्व्हर रूम म्हणतात. अशा खोल्या सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी या धंद्यात आलो तेव्हा आमच्या खात्याला ‘ईडीपी’ म्हणत, आता ‘आयटी’ म्हणतात. एसी मात्र तोच.

या खोल्यांमधला एक वाद मी कधीच मिटलेला पाहिला नाही. हल्ली एका मोठ्या सर्व्हरवर चार-सहा आभासी मशिन चालतात. त्यातलं एक टॅलीचं, एक हजेरीचं, एक स्टोअर आणि डिस्पॅचचं. प्रत्येकाला वाटतं की आपली स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे खालच्या खऱ्या डिस्कवरची एक दांडगी फाइल असते. वाद असा, की एखाद्या मशिनला २०० जीबीची डिस्क द्यायची ठरली, तर तेवढी जागा आजच बाजूला काढून ठेवायची, की ‘२००’ नुसतं सांगायचं आणि लागेल तशी द्यायची? पहिल्या पद्धतीला आमच्यात ‘थिक’ म्हणतात, दुसरीला ‘थिन’. नव्यानं लागलेल्या पोरांना थिक म्हणजे म्हाताऱ्यांची खोड वाटते. खोड जुनी आहे, हे खरं. साठ वर्षांची तरी आहे.

आयबीएमनं १९६४ साली सिस्टीम ३६० हे संगणकांचं घराणं जाहीर केलं. त्याच्या ओएस ३६० या कार्यप्रणालीत फाइल बनवायची तर पंचकार्डावर आधी लिहून द्यावं लागे की इतके सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचं तेव्हाचं माप) जागा हवी, आणि ती पुरली नाही तर पुढे इतक्या-इतक्याच्या हप्त्यानं द्या. दहा सिलिंडर मुख्य आणि पाच-पाचचे जोडहप्ते, अशी ती मागणी. एका डिस्कवर अशा तुकड्यांची कमाल संख्या सोळा. ते संपले की चाललेलं काम ‘बी३७’ असा शेरा मारून बंद पडायचं. जोडहप्ता मागितलाच नसेल तर शेरा ‘डी३७’. रात्रभर चाललेलं पगारपत्रक पहाटे बी३७ नं कोसळलं की प्रोग्रामर दुसऱ्या दिवशी मागणी दुपटीनं लिही. त्याच कार्डावर आणखी एक शब्द लिहायची सोय होती. काम संपल्यावर न वापरलेली जागा परत करा, असा त्याचा अर्थ. लोक तो लिहायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या सज्जनपणाचा भाग.

हे सगळं अमेरिकेतच घडलं असं नाही. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात सोव्हिएत बनावटीचं ईसी १०३० आलं. ते ३६० घराण्याशी सुसंगत होतं, म्हणजे जागेचा हिशेब आधी मांडण्याची शिस्तही त्याच घराण्यातली.

आभासी मशिनची डिस्कही याच वातावरणात जन्मली. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या मंडळींनी साठच्या दशकात सीपी ४० आणि मग सीपी ६७ बनवलं. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याचंच रूप व्हीएम ३७० म्हणून जाहीर झालं. एका मशिनवर प्रत्येकाला आपलं वेगळं मशिन मिळाल्याचा भास त्यात होई. डिस्कचं काय केलं? खऱ्या डिस्कचे सलग सिलिंडर कापून दिले आणि त्याला नाव दिलं ‘मिनिडिस्क’. यंत्रणेच्या नोंदवहीत एक ओळ: अमुक माणसाला, अमुक डिस्कवर, अमुक सिलिंडरपासून पुढे इतके. आयबीएम ३३३० या तेव्हाच्या डिस्कच्या एका सिलिंडरवर साधारण अडीच लाख अक्षरं मावत. पाच सिलिंडर मिळाले की झाली साडेबारा लाखांची तुमची डिस्क. तो तुकडा तुमचा. तुम्ही वापरा किंवा ओस पाडा, दुसऱ्याला मिळणार नाही.

मात्र एक गोष्ट मिनिडिस्कनं दिली नव्हती. आधीच्या माणसाची मिनिडिस्क काढून तेच सिलिंडर तुम्हाला दिले, तर त्याचा जुना मजकूर तिथे तसाच पडून राही. कुणी मुद्दाम पुसला तरच जाई. जागा राखीव होती, पण स्वच्छ नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांचा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून ही बाब ध्यानात ठेवावी.

युनिक्सनं ही शिस्तच मोडून टाकली. तिथे फाइल बनवताना आकार विचारतच नाहीत. लिहाल तसे ब्लॉक मिळतात. शिवाय फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर लिहून थेट लाखाव्या जागी दुसरं लिहिलं, तर मधल्या भागाला जागाच मिळत नाही. वाचलं की शून्य दिसतात, डिस्कवर काही नसतं. आकार लाखाचा, खर्च दोन ब्लॉकचा. आजच्या थिन डिस्कचं सगळं तत्त्व त्या भोकात आहे. युनिक्सवर वाढलेल्या माणसाला जागा आधी मागणं गावंढळ वाटू लागलं, आणि ते साहजिकही होतं.

मग व्हीएमवेअर आलं. कंपनी १९९८ ची, पहिलं उत्पादन १९९९ चं, आणि ते टेबलावरच्या पीसीसाठी होतं. पीसीवर जागा कुठली? म्हणून डिस्क वाढत जाणारी. हवी तर ‘सगळी जागा आत्ताच घ्या’ अशी एक चौकट टिचकी मारायला ठेवलेली. मोठी डिस्क २ जीबीच्या तुकड्यांत पाडण्याचीही सोय होती, कारण त्या काळच्या कित्येक फाइलसिस्टीमना त्याहून मोठी फाइल पेलत नसे. मायक्रोसॉफ्टनं २००३ मध्ये कनेक्टिक्सकडून जे तंत्र घेतलं, त्यातही ‘स्थिर’ आणि ‘वाढती’ असे दोन प्रकार होते. वाढती डिस्क २ एमबीच्या ठोकळ्यांनी वाढे.

त्याच वर्षी फाब्रिस बेलार यांनी आभासी मशिन चालवणारं क्यूईएमयू सुरू केलं. त्याच्या क्यूकाउ२ या डिस्क-फाइलीच्या पोटात जरा उतरू या. जागा ‘आधी देणं’ म्हणजे नेमकं काय देणं, हे तिथे उघडं दिसतं.

आतल्या मशिनला वाटतं की आपण डिस्कच्या अमुक जागी ४ केबी लिहितोय. बाहेर क्यूईएमयू आधी पहिल्या तक्त्यात बघतं. तिथून दुसऱ्या पातळीच्या एका तक्त्याचा पत्ता मिळतो. हा तक्ता ६४ केबीचा, त्यात आठ-आठ बाइटच्या ८,१९२ नोंदी. प्रत्येक नोंद डिस्कच्या एका ६४ केबीच्या गठ्ठ्याची, म्हणजे एका तक्त्यात ५१२ एमबीचा नकाशा. नोंद शून्य असेल तर तिथे अजून काहीच लिहिलेलं नाही. मग मोकळा गठ्ठा शोधायचा. त्यासाठी वेगळी मोजणीवही असते, कुठला गठ्ठा किती जण वापरतात त्याची. तिथे आकडा वाढवायचा. मग गठ्ठ्यात मजकूर लिहायचा आणि उरलेला भाग शून्यांनी भरायचा. आणि मग दुसऱ्या तक्त्यात नोंद. क्रम चुकवून चालत नाही. मोजणीवहीत आकडा आधी वाढला आणि तेवढ्यात वीज गेली, तर एक गठ्ठा वाया जातो, एवढंच. उलट झालं, नोंद आधी पडली आणि मोजणी राहिली, तर तोच गठ्ठा मोकळा समजून उद्या दुसऱ्या कुणाला दिला जाईल आणि दोन फाइली एकमेकींच्या उरावर बसतील. पैठण रोडवर लोडशेडिंगची वर्षं काढलेल्या माणसाला हा क्रम कुणी समजावून सांगावा लागत नाही.

चार केबीच्या पहिल्या लिखाणामागे एवढी उठाठेव. त्याच जागी दुसऱ्यांदा लिहिताना यातलं काही नाही, नुसता नकाशा बघायचा आणि लिहायचं. म्हणून २००९ च्या अखेरीस आलेल्या क्यूईएमयू ०.१२ मध्ये एक मधला मार्ग निघाला: जागा घेऊ नका, पण नकाशा आधीच भरून ठेवा. २०० जीबीच्या डिस्कला दुसऱ्या पातळीचे ४०० तक्ते लागतात, मिळून २५ एमबी. एवढ्या खर्चात पहिल्या लिखाणाची बरीच रड संपते. अशी फाइल बनवून ‘एलएस’ ही आकार सांगणारी आज्ञा दिली की २०० जीबी दिसते आणि ‘डीयू’ ही खर्च झालेली जागा सांगणारी आज्ञा दिली की काही एमबी. नव्या पोराला हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवावेत. तो आयुष्यभर विसरत नाही. पुढे २०१४ च्या २.२ आवृत्तीत आणखी दोन पर्याय आले: खालच्या फाइलसिस्टीमकडून जागा नावावर करून घेणं, आणि खरोखर शेवटपर्यंत लिहून काढणं.

म्हणजे ‘राखीव’ या एका शब्दाखाली तीन वेगळी वचनं आहेत. नकाशा तयार आहे, हे पहिलं. जागा तुमचीच आहे, हे दुसरं. जागा पुसून स्वच्छ केलेली आहे, हे तिसरं. मिनिडिस्कनं पहिली दोन दिली होती. नंतरच्या प्रत्येक पिढीनं यातलं एखादं वचन सुटं काढून स्वस्त केलं, आणि विकताना मात्र बऱ्याचदा सगळी दिल्यासारखं दाखवलं.

तिसरं वचन सगळ्यात महाग. ५०० जीबीची डिस्क शून्यांनी भरायची आणि खालची हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल, तर दीड तास गेला. कामावर माणसं थांबलेली असताना दीड तास फार असतो. म्हणून व्हीएमवेअरनं सर्व्हरसाठी तीन प्रकार ठेवले. थिन ठाऊकच आहे. दुसऱ्या प्रकारात जागा आज नावावर, पण पुसायचं काम त्या भागात पहिल्यांदा लिहिताना. तिसऱ्यात जागाही आज आणि पुसणंही आज. २००९ मध्ये त्यांच्या व्हीस्फिअर ४ या आवृत्तीसोबत एका मशिनची दुसऱ्या सर्व्हरवर जिवंत जोडनक्कल चालवायची सोय आली, तिला हा तिसराच प्रकार लागे. पुढच्या वर्षी पुसण्याचं काम थेट स्टोरेज पेटीवर सोपवण्याची युक्ती आली आणि दीड तासाचं दुखणं पेटीवाल्यांकडे गेलं.

न पुसता स्वच्छ दाखवण्याचा उपाय फाइलसिस्टीमवाल्यांना त्याआधीच सापडला होता. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसमध्ये, म्हणजे नव्वदच्या दशकात, राखीव जागेवर ‘अजून न लिहिलेली’ असा शिक्का मारून ठेवत. तिथे जुना मजकूर असला तरी वाचणाऱ्याला शून्यच मिळणार. लिहिलं की त्या भागाचा शिक्का निघतो. हाच मार्ग लिनक्समध्ये सगळ्यांसाठी खुला झाला तो ‘फॅलोकेट’ या हाकेनं, ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ मध्ये. ते काम मुख्यतः अमित अरोरा या आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्याचं. त्याआधी पॉझिक्स या मानकानं ठरवून दिलेली जी पद्धत होती, तिला खालून साथ मिळाली नाही की प्रत्येक ब्लॉकमध्ये काहीतरी लिहीत बसावं लागे. आता २०० जीबी काही क्षणांत नावावर होऊ लागले. आमच्या क्षेत्रातली माणसं परदेशी कंपन्यांची नावं तोंडपाठ म्हणतात आणि अरोरांचं नाव कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

थिनचं पीक याच सुमारास जोरात आलं. १९९४ च्या स्टोरेजटेक आइसबर्गपासून मोठ्या स्टोरेज पेट्यांत हा विचार होताच. २००० नंतर थ्रीपारनं त्यावर आपला धंदाच उभा केला. २०१० मध्ये त्या कंपनीसाठी डेल आणि एचपीत असा लिलाव चढला की एचपीनं अखेर दोन अब्ज डॉलरच्या वर मोजले. व्हीस्फिअर ४ नं तर थिनचा पर्याय साध्या माउसच्या टिचकीवर आणून ठेवला. डिस्क महाग होत्या आणि बहुतेक मशिनं दिलेल्या जागेच्या निम्मीही वापरत नव्हती. मग दोन टीबीच्या साठ्यावर तीन टीबी वाटायला कुणाचं काय जातं?

याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते मार्चअखेरीला गेलं. मांडणी करून देणाऱ्या ठेकेदारानं सगळी मशिनं थिन दिली होती, फक्त हजेरीचं जुनं मशिन थिक राहिलं होतं, कारण ते आधीपासून तसंच होतं. वर्षअखेरीचा स्टॉक, बिलांची घाई, त्यात रात्रीच्या बॅकअपनं बनवलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणानंतरचे बदल साठवणारी फाइल, वाढत गेलेला. सकाळी साठा संपला. व्हीएमवेअर अशा वेळी मशिन पाडत नाही. ते जागच्या जागी गोठवतं आणि पडद्यावर प्रश्न टाकतं: जागा उरलेली नाही, पुन्हा प्रयत्न करायचा की रद्द? ज्या मशिनला नवा गठ्ठा हवा असतो तेच गोठतं. टॅली गोठलं, डिस्पॅच गोठलं. हजेरीचं मशिन आपल्या नावावरच्या जागेत मजेत चालू.

गेटवर माल भरलेल्या गाड्या उभ्या आणि गेटपास निघेना. गेटवरच्या वॉचमन मामांचा फोन आला. “साहेब, पंच तर होतंय की पोरांचं. मग गाड्याच कशा अडल्या?” मामांना उत्तर काय देणार? स्नॅपशॉट मिटवायला गेलं तर त्यालाही थोडी जागा लागते आणि जागा तर संपलेली. शेवटी कुणीतरी साठ्यात ठेवून दिलेल्या इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली सापडल्या, त्या उडवल्या आणि गाडं हललं. त्या दिवसापासून मी प्रत्येक साठ्यात एक निरुपयोगी मोठी फाइल टाकून ठेवतो, फॅलोकेट करून. अडचणीच्या वेळी उडवायला.

पैठणकडच्या माणसाला साठ्याहून जास्त वाटपाचं हे दुखणं जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावरून पटकन कळतं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे कालव्यांसाठी हिशेबात न धरायचा. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण आधी, मग शेतीची आवर्तनं. वरच्या धरणांनी पाणी अडवलं की इथे कागदावरचं वाटप आणि धरणातलं पाणी यांत फरक पडतो. म्हणून २०१४ च्या आदेशात ठरलं की १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. वाटप जास्त आणि साठा कमी असला तर एक तारीख, एक टक्का आणि कुणाकडून घ्यायचं हे आधी ठरलेलं लागतं. तेही ठरवताना किती भांडणं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, ते सगळ्यांनी पाहिलंय. सर्व्हर रूममध्ये थिन लावणारे यातलं काहीच ठरवत नाहीत.

थिनचा दुसरा दोष सावकाश कळतो. आतल्या मशिननं फाइल पुसली, तरी बाहेरच्या साठ्याला त्याचा पत्ता नसतो. डिस्क फुगते, पण आकसत नाही. ती जागा परत मागण्याचं तंत्र बसवायला पुष्कळ वर्षं गेली, आणि त्यात व्हेरिटाससारख्या कंपन्यांनी बरंच काम केलं. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं, मराठी पोरांची एक अख्खी पिढी फाइलसिस्टीम तिथे शिकली. लिनक्सनं २०११ मध्ये फाइलीच्या मधोमध भोक पाडून जागा परत करण्याची सोय दिली. ओएस ३६० च्या कार्डावरच्या त्या सज्जनपणाच्या शब्दापर्यंत आपण फिरून आलो.

आता प्रश्न आणखी अवघड झालाय. झेडएफएससारख्या फाइलसिस्टीम जुन्या जागेवर पुन्हा लिहीतच नाहीत, प्रत्येक लिखाण नव्या जागी जातं. तिथे फाइल आधी शून्यांनी भरून ठेवण्यानं काहीच साधत नाही. राखीव कोटा साठ्याच्या पातळीवर वेगळा बांधावा लागतो. एसएसडीच्या आतही मजकूर सतत जागा बदलत असतो. काही स्टोरेज पेट्या शून्यांचे ठोकळे ओळखून ते साठवतच नाहीत. म्हणजे वरच्या थरात तुम्ही दीड तास बसून पूर्ण राखीव डिस्क बनवायची आणि खालच्या थरानं ती गुपचूप थिन करून टाकायची. क्यूकाउ२, त्याखाली फाइलसिस्टीम, त्याखाली डिस्कचे भाग पाडणारं एलव्हीएम, त्याखाली पेटी. यातला एक थर जरी थिन असला तरी दुसरं वचन, जागा तुमचीच असल्याचं, मोडलं.

माझं मत जुनाट वाटलं तरी सांगतो. जिथे चोवीस तास साठ्यावर नजर ठेवणारं कुणी आहे आणि दुसऱ्या दिवशी नवी डिस्क बसू शकते, तिथे खुशाल थिन वापरा. बँकांच्या, मोठ्या डेटा सेंटरच्या लोकांना ते परवडतं. पैठण रोडवरच्या, एकच सर्व्हर असलेल्या कारखान्यात, जिथे आयटीचा माणूस संध्याकाळी सहाच्या बसनं घरी जातो आणि रात्री फक्त वॉचमन मामा असतात, तिथे बिलांच्या आणि डिस्पॅचच्या मशिनला पूर्ण जागा द्या. पुसलेली नसली तरी चालेल, नावावर असू द्या. आणि मांडणी करून देणारा ठेकेदार पैसे मागायला आला की त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: साठा किती, वाटप किती, खालच्या प्रत्येक थरात थिन कुठे आहे, आणि ८० टक्के भरल्यावर कोणाचा फोन वाजणार. हा कागद दिल्याशिवाय बिल पास करू नका.